बसऱ्याची वीट

माझा बाप पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याला गेला होता, खच्चरं हाकायला. बंदूक त्याला कोणी दिली नाही. गावची मेलेली ढोरं ओढणाऱ्या माणसाला सरकारनं जिवंत खच्चरं दिली, एवढीच त्याची बढती. पण तो बोटीत बसला, दर्या पाहून आला, आणि परत आला तो पायात बूट घालून. अमरावतीच्या कडेला आमची वस्ती. तिथं बूट घातलेला आपला माणूस पाहायला बाया दारात उभ्या राहिल्या म्हणतात. पाटलानं बूट काढायला लावले. बापानं काढले, हातात घेतले, पाटलाच्या दारापुढून चालत गेला आणि दार संपल्याबरोबर पुन्हा घातले. आमच्या घरात नाक मोठं आहे ते तेव्हापासून.

मी शिकलो दुसरीपर्यंत, तेही शाळेच्या पडवीत बसून. म्हणून जसं बोलतो तसंच लिहितो. ज्याला खटकेल त्यानं वाचू नये.

त्या बुटांबरोबर बापाच्या थैलीत एक वीट होती. अख्खी नव्हे, तुकडा. दोन्ही हातांच्या ओंजळीत बसेल एवढा, एका अंगानं तुटलेला. बाप सांगायचा की तिकडे वाळूत एक शहर मरून पडलं होतं. अमरावतीचा अख्खा परकोट त्याच्या एका कोपऱ्यात मावला असता. भिंतीमागं भिंती, आणि एक चूल पेटलेली नाही. पलटणीची खच्चरं तिथं विसाव्याला थांबायची. तिथूनच त्यानं तो तुकडा उचलला.

"काहून आणली, बाबा?" मी लहानपणी विचारायचो.

"तथी लय भेव वाटे, बाप्पा. हातात काही जड धरलं म्हणजे बरं वाटे."

बस, एवढंच. देवबिव काही नाही. पण आजूबाजूच्या गावांतून त्याच्याबरोबर जी माणसं गेली त्यांतली बरीच आली नाहीत. कोणी हगवणीनं गेलं, कोणी उन्हानं. माझी आजी म्हणाली, याला विटेनं आणलं. तिनं वीट देव्हाऱ्यात ठेवली, तिला तेल-शेंदूर फासला, आणि झाला बसऱ्याचा देव. बाप हसला म्हणे. पण त्यानं ती काढली नाही.

माझी माय लग्न होऊन आली तेव्हा आजीनं तिला घरात दोन कामं नेमून दिली, पहाटेचं दळण आणि अमावास्येचा शेंदूर. वर्षानुवर्षं तिनं तो फासला. थर चढत गेले, आणि वीट आहे का दगड ते ओळखू येईना. पटकीची साथ आली आणि आमचं घर वाचलं, ते विटेमुळं. माझी बहीण तापानं गेली, तेव्हा माय म्हणाली, माझंच काही चुकलं असेल. विटेला कोणी काही म्हटलं नाही. देवाचं असं असतं. चांगलं झालं की त्यानं केलं, वाईट झालं की आपण केलं.

मग नागपूरला आम्ही दीक्षा घेतली. मी, माझी बायको, माय आणि धाकटा भाऊ. बाप तोवर गेला होता. परत आल्यावर वस्तीतल्या प्रत्येक घरानं देव टोपलीत भरले आणि पेढी नदीत नेऊन सोडले. आमची टोपली मी डोक्यावर घेतली. मरीमाय होती, खंडोबाचा टाक होता, आणखी कोणाकोणाचे पितळेचे चेहरे होते. काही माणसांनी सोडण्याआधी देवांना हात जोडले. मी नाही. टोपली पालथी केली, पाण्यात हात धुतला, बिडी पेटवली.

घरी आलो तर माय पदराखाली काही धरून बसलेली.

"माय, ते पन दे."

"हे नाही."

"काहून?"

"मी शपथा घेतल्या त्या मले पाठ हायेत. त्यात ब्रह्मा हाये, विष्णू हाये, राम हाये, गणपती हाये. बसऱ्याचा देव कोणत्या शपथेत हाये? सांग."

मी मास्तरांना बोलावलं. मास्तर म्हणजे नगरपालिकेच्या शाळेत शिकवणारे, आमच्या वस्तीच्या कमिटीचे अध्यक्ष. दीक्षेच्या शपथा वस्तीला वाचून दाखवल्या त्या त्यांनीच. अंगानं वाळके, पण बोलायला लागले की माणूस ताठ बसे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मोठीमाय," ते मायला म्हणाले, "देव तो देव. नाव नसलं म्हणून काय झालं?"

"मग तुमच्या शपथेत तसं घाला," माय म्हणाली.

प्रश्न पंचांपुढं गेला. हा देव हिंदूंचा का नाही? कोणी म्हणे, शेंदूर आहे म्हणजे त्यांचाच. कोणी म्हणे, बसरा मुसलमानी मुलूख आहे, म्हणजे त्यांचा असेल. तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या पिंजारी चाचाला बोलावलं. आमच्या सगळ्यांच्या गाद्या त्यानंच पिंजलेल्या. चाचा म्हणाला, अरे, इतक्या शेंदराखाली मला काय दिसणार? मग रॉकेल आणलं, राख आणली आणि मायच्या डोळ्यांदेखत, चारचौघांत शेंदूर काढला. खालून वीट निघाली. तिच्यावर बारीक खुणा, चिमणीच्या पायासारख्या, ओळीनं.

चाचानं वीट उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"ये अरबी तो नहीं है, भाई. मेरेको तो लगता, गीली ईंट पे मुर्गी चल के गई."

पंच हसले. मायसुद्धा हसली, तोंडावर पदर घेऊन. मास्तरांनी निकाल दिला की धुतलेली वीट ही वीट आहे, ती घरात ठेवायला हरकत नाही. मायनं ती फळीवर ठेवली, बुद्धाच्या फोटोपासून हातभर दूर. फोटोला राग यायला नको म्हणून दूर, का विटेला राग यायला नको म्हणून, ते तिनं सांगितलं नाही.

पुढं मास्तरच एकदा अमरावतीच्या कॉलेजातल्या एका प्रोफेसरला घेऊन आले. त्या माणसानं वीट हातात घेतली तशी त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, ही तिकडची जुनी लिपी आहे, तीन-चार हजार वर्षांपूर्वीची असेल.

"काय लिहेल हाये?" मी विचारलं.

"मला वाचता येत नाही."

मला तो माणूस आवडला. मी म्हटलं, मग आपण दोघं सारखेच, साहेब, बसा, चहा घ्या. चहा पिता पिता तो म्हणाला की बहुतेक एखाद्या राजाचं नाव असेल. ते राजे आपल्या नावाचा शिक्का ओल्या विटांवर मारायचे आणि त्यांच्या भिंती बांधायचे.

माय चुलीपाशी बसली होती. तिनं मान वळवली.

"त्या राजाचं काय झालं?"

"लढाया झाल्या, आजी. एक राजा गेला, दुसरा आला. मग नदी सरकली. मग लोक गेले."

"कुठी गेले?"

"ते आता कोण सांगणार?"

"त्याईच्या माया कोणाले तरी पुसत असतीन," माय म्हणाली आणि पुन्हा चुलीत फुंकू लागली.

प्रोफेसरनं वीट कॉलेजसाठी मागितली. मी दिली नाही. माझ्या बापाच्या पायातले बूट काढायला लावले, आता त्याची वीटही काढून घेऊन कोणाच्या कपाटात ठेवायची होती का? मास्तर रागावले. रागावू द्या म्हटलं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग चीनची लढाई लागली, आणि माझा भाऊ तिथं होता.

भाऊ फौजेत होता. दीक्षेनंतर तो भरती झाला, छाती मोजून, उंची मोजून, आणि त्याला बंदूक मिळाली. बापाला मिळाली नव्हती ती. सुट्टीवर आला की वस्तीतून मुद्दाम बुटांचा आवाज करत चालायचा. त्या साली त्याची पलटण वर डोंगरात होती. गावाचं नाव त्यानं पत्रात लिहिलं होतं, पण आमच्यापैकी कोणाला ते धड म्हणता येत नव्हतं.

मी तेव्हा अकोल्याला जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होतो. कापसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला. दिवसभर रुईचे तंतू नाकात जायचे, थुंकलं तर पांढरं पडायचं. संध्याकाळी जिनाच्या फाटकासमोर पानठेल्यावर रेडिओला गर्दी व्हायची. बातम्या संपल्या की प्रत्येक जण सेनापती. त्या गर्दीत एक अडत दुकानाचा मुनीम असायचा, जिभेचा तिखट. एक दिवस त्यानं मला पाहिलं.

"काय गा, तुमचे बुद्धवाले आले न चालून! चीन तं तुमचा सोयरा झाला. आता तुमी कोणाकडून?"

चार लोक हसले. मी पानवाल्याकडं पाहूनच बोललो.

"माहा भाऊ तथी बर्फात उभा हाये. मुनीमजी, तुमचा कोण उभा हाये?"

मुनीम रेडिओकडं वळला.

"पान लाव," मी पानवाल्याला म्हटलं. "कात कमी टाक."

पण त्या रात्री जिनाच्या खोलीत मला वाटायचं ते वाटलंच. सहा वर्षं झाली होती धर्म बदलून. आपण कोणाचे, हा प्रश्न आपल्याला कोणीही, कुठंही, पान खाता खाता विचारू शकतो. हजार वर्षांपूर्वी बुद्ध या देशातून गेला. तो कोणामुळं गेला ते मला कोणी शाळेत सांगितलं नाही. पण त्याच्या जाण्याचा जाब जिनातल्या हमालानं द्यायचा.

भावाचं पत्र थांबलं. एक आठवडा, दुसरा आठवडा. रेडिओवर माघारीच्या बातम्या. मी शनिवारी गाडीनं बडनेऱ्याला उतरून घरी गेलो. दारातच वास आला. तेलाचा आणि शेंदराचा. सहा वर्षांनी.

फळीवर वीट लाल झालेली.

"माय, हे काय?"

"डोये फुटले का तुहे?"

"दीक्षा घेतली न आपण?"

"घेतली. मोडली कुठी? बुद्धाले रोज हात जोडते. पन बुद्ध काय म्हणते? दुःख हाये म्हणते. ते मले बी ठाऊक हाये. पोट्टं कुठी हाये, ते तो म्हणत नाही."

"आन ही वीट म्हणते?"

"हे बी नाही म्हणत." तिनं शेंदराचं बोट लुगड्याला पुसलं. "पन हे लढाईतून आलेली हाये. हिले ठाऊक हाये तथी कसं असते. तुले ठाऊक हाये का? मले हाये का?"

माझ्या बायकोनं मला डोळ्यांनी खूण केली की आता गप्प बसा. बायको शहाणी होती. मी गप्प बसलो.

वस्तीत गोष्ट लपत नाही. रविवारी सकाळीच मास्तर आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. यापूर्वी कधी असं झालं नव्हतं.

"दादा, वस्ती पाहून राहिली. तुमच्या घरी शेंदूर लागला तं उद्या घराघरात लागते. दुपारी विहारात मीटिंग हाये. वीट घराबाहेर काढा, विषय संपला."

"आन नाही काढली तं?"

मास्तरांनी खाली पाहिलं. "तं ज्याच्या घरी देव, त्याच्या घरी कोणी जाणार नाही. लग्नाले नाही का मातीले नाही. असं म्हणून राहिले लोक."

माती म्हणजे मयत. माझी माय तेव्हा साठीच्या पुढं होती. तिला उचलायला चार खांदे लागतील, ते मिळणार नाहीत, असं मास्तर मला माझ्याच दारात सांगत होते. आत तिनं ते ऐकलं. तिचा फळीकडं गेलेला हात मी पाहिला.

दुपारी मी वीट टॉवेलात गुंडाळली. माय आडवी आली.

"कुठी नेऊन राहिला?"

"परत आणतो."

"कोणाच्या जिवावर?"

"माह्या."

तिनं वाट सोडली. तिनं माझ्यावर तेव्हा भरवसा ठेवला, आणि मला जगात कशाची भीती वाटली असेल तर त्या भरवशाची.

विहार म्हणजे तेव्हा चार भिंती आणि वर पत्रा. आत माणसं दाटलेली. मास्तर समोर सतरंजीवर बसले होते. त्यांनी चांगलं भाषण केलं. खरंच चांगलं. म्हणाले, आपल्या बापजाद्यांना देवाच्या नावानं भीती घातली गेली. भीती हाच आपल्या पायातला जुना साखळदंड. तो तोडला म्हणून आपण माणूस झालो. एका घरानं तो पुन्हा पायात घातला तर सगळ्यांच्या पायात पडेल. लोकांनी माना हलवल्या. मलाही पटलं. मग मी उठलो.

"मास्तर बरोबर बोलले," मी म्हटलं. "मी बी देव मानत नाही. माह्या टोपलीतले देव मीच सोडले, कोण्या दुसऱ्याच्या हातानं नाही. पन मले एक सांगा. आपल्या बापजाद्याईले गाव काय करे? विहीर बंद. दुकान बंद. दाढी बंद. मयतीले कोणी नाही. हेच करे का नाही?"

"ते निराळं," मागून कोणी म्हणालं.

"काय निराळं? सगळे देव पेढीत सोडले, आन वाळीत टाकाचं तेवढं उचलून आणलं तिकून? ते हत्यार लय आवडलं वाटते तुमाले."

गलका झाला. "खाली बस," "बोलू द्या," "बुढीच्या नादानं येडा झाला." मास्तरांनी हात वर केला. मी पुढं गेलो, टॉवेल सोडला आणि वीट सतरंजीवर ठेवली. लाल, तेलकट. पत्र्याखालच्या त्या उजेडात फारच लाल दिसत होती.

"हे घ्या. भेव गेलं म्हणता न? ज्याचं गेलं त्यानं उठावं, बाहेर पाटा पडला हाये, त्याच्यावर आपटावं. मी हात धरणार नाही. बुढीले काय सांगाचं ते मी पाहीन."

आता गंमत पाहा. मघा जो मला येडा म्हणाला तो भिंतीकडं पाहू लागला. दुसऱ्यानं बिडी शोधायला खिसा चाचपला. वस्तीतली सात-आठ तरी पोरं तेव्हा फौजेत होती, आणि त्यांचे बाप, काके, मामे तिथंच बसले होते. कोणाचाच हात पुढं येईना.

शेवटी मास्तर उठले. अध्यक्ष होते, त्यांना उठावंच लागलं. वाकले, दोन्ही हातांनी वीट उचलली. बोटं लाल झाली. बाहेर जायला वळले आणि उभेच राहिले. त्यांचा थोरला त्याच महिन्यात भरतीच्या रांगेत उभा राहून आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी वीट हळूच होती तिथं ठेवली.

"हे फोडून काय होणार हाये?" ते म्हणाले.

"हेच म्हणून राहिलो मी."

तेवढ्यात मागचा तोच गडी, आता भिंत पाहून झाली होती त्याची, ओरडला, "मग तूच फोड न! तुले तं भेव नाही न?"

"तुह्या मायचं लुगडं घेऊन ये," मी म्हटलं. "ते इथं चारचौघात फाडून दाखव. मग मी वीट फोडतो."

त्यावर बायांच्या बाजूनं हसू फुटलं आणि मीटिंग मोडली. ठराव झाला नाही. मी वीट पुन्हा टॉवेलात गुंडाळली आणि घरी नेऊन फळीवर ठेवली.

मी जिंकलो असं मला वाटलं. दोन दिवस वाटलं. मग बाया यायला लागल्या.

आधी वस्तीतल्या, ज्यांची पोरं फौजेत होती त्या. मग पलीकडच्या आळीतल्या. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या हातात हळद-कुंकू. मास्तरांनासुद्धा विटेनं फोडू दिलं नाही, अशी आवई उठली होती. अकोल्याहून शनिवारी आलो तर दाराशी चपलांचा ढीग आणि आत उदबत्तीचा धूर. कोपऱ्यावरचा किराणावाला मला वाटेतच भेटला, लाडीगोडीनं म्हणाला, "भाऊ, देव जागृत हाये. मी ओटा बांधून देतो, वर टिनं टाकून देतो. तुमी आले न शेवटी आपल्या मार्गावर!"

"तुमचा मार्ग तुमच्या दुकानापर्यंत," मी म्हटलं. "माह्या दारापर्यंत आणू नका."

घरात गेलो, उदबत्त्या विझवल्या, नारळ पोत्यात भरून दाराबाहेर ठेवले आणि उंबऱ्यावर बसलो. बाया खोळंबल्या. माय आतून कडाडली.

"काहून अडवून राहिला? त्याईचे बी पोट्टे हायेत!"

"पोट्टे हायेत म्हणून येऊ दे. हात रिकामे करून येऊ दे." मग मी बायांकडं वळलो. "आयाबायांनो, माह्या घरी देव नाही. माय हाये, तिचं पोरगं लढाईत हाये. तिच्याजवळ बसाचं असन तं बसा, सांजपर्यंत बसा. नारळ आणसान तं मी फोडून खाईन, पोट दुखलं तं तुमचं नाव सांगीन."

काही जणी शिव्या देत गेल्या. काही हात रिकामे करून आत आल्या. त्यांचा देव माझ्या दारात अडला, पण त्या बसल्या. त्या खेपेला माय माझ्याशी बोलली नाही. पुढच्या शनिवारी भाकर वाढताना म्हणाली, "बरं केलं. नारळाच्या गडबडीत मले पोराची आठवण बी करता येत नोहती."

भावाचं पत्र आलं ते थंडी सरताना. पाठोपाठ तो आला. मी बडनेरा स्टेशनवर गेलो होतो. माणूस अर्धा झाला होता, कानाच्या पाळ्या बर्फानं काळ्या पडलेल्या, एका पायाची दोन बोटं नव्हती. रिक्षात बसला आणि घरापर्यंत बिडीवर बिडी ओढली.

घरात पाय ठेवला आणि फळीवर नजर गेली.

"हे काहून लाल केली पुन्हा?"

मायनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "हिनंच आणलं तुले."

"माय." तो खाटेवर बसला. "माह्या बाजूले एक जन होता. गळ्यात ताईत, खिशात देवाचा फोटो. त्याची माय सोमवार धरे. तो तथीच राहिला. त्याचा देव कच्चा होता का?"

मायनं हात मागं घेतला.

"मग तू कसा आला?" मायनं विचारलं.

"पाय चालत होते म्हणून आलो."

मला वाटलं, आता ती रडेल. ती उभी राहिली. माझी माय ठेंगणी होती, पण त्या दिवशी मला तिच्याकडं वर पाहावं लागलं.

"बरं. तुहे पाय चालले. हा जिनात गेला, रेडू ऐकून आला. मास्तरनं मीटिंग घेतली. मले काय देलं कोणी? बंदूक देली? मी अथी बसून काय करू, सांग न! हाताले काही लागत नाही का माणसाच्या?"

भाऊ बुटाची नाडी सोडू लागला. मी बुद्धाच्या फोटोकडं पाहिलं. त्याच्याकडं त्या वेळी उत्तर असेल असं मला वाटलं नाही, आणि हे मी कमिटीपुढंही म्हणायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच रॉकेलची बाटली घेतली, चिंधी घेतली आणि अंगणात वीट घासायला बसली. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं. अर्धी वीट निघाली, त्या चिमणीच्या पायांच्या ओळी वर आल्या. मग तिनं हात थांबवला.

"बाकीचं?" भाऊ म्हणाला.

"तुही पेन्शन होऊ दे."

तो इतका हसला की खोकला लागला. आल्यापासून पहिल्यांदा हसला होता.

मास्तर येऊन पाहून गेले. "अर्धीच?" ते म्हणाले.

"अर्धी पुसली," मी म्हटलं. "उरलेल्या अर्ध्यावर तुमची मीटिंग बसवा."

त्यांनी बसवली नाही. पण पुढं तीन वर्षं आमच्या घराचा उंबराही चढले नाहीत. रस्त्यात भेटले तर "जयभीम दादा" एवढंच. मीही तेवढंच.

मग पाकिस्तानची लढाई लागली. भावाची पलटण या वेळी मागं होती. मास्तरांचा थोरला मात्र पुढं होता, पंजाबात. अमरावतीत लोकांनी खिडक्यांना काळे कागद लावले, सायकलच्या दिव्यांवर काळा रंग फासला. विमान येऊन येऊन वऱ्हाडात काय टाकणार होतं, सरकी? पण भीतीला असं विचारता येत नाही. पिंजारी चाचाला भर बाजारात कोणी म्हणालं, आता तुमचे आले. तेच वाक्य. तीन वर्षांपूर्वी ते माझ्यासाठी होतं, आता पत्ता बदलून त्याच्याकडं गेलं. चाचा म्हणाला, "मेरा बाप इधरिच कब्र में सोया है. पहले उसको उठा के पूछ ले, जाता क्या." मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आणखी काही केलं नाही, पण गर्दी पांगेपर्यंत उभा राहिलो.

त्याच दिवसांत एका दुपारी मास्तर आमच्या दारात आले. शाळा लवकर सुटली असावी, हाताला खडू तसाच होता. माझ्याकडं पाहिलं नाही. सरळ आत गेले आणि मायच्या समोर खाली बसले. माय वाल सोलत होती. तिनं सुपातल्या शेंगांचा ढीग अर्धा त्यांच्याकडं सरकवला. मास्तर शेंगा सोलू लागले.

सूप अर्धं रिकामं झाल्यावर ती म्हणाली, "पत्र?"

"नाही."

"किती दिवस?"

मास्तरांनी मान हलवली. माय फळीकडं पाहून म्हणाली, हळू, पण मला ऐकू आलं, "हात लावाचा असन तं लाव, मास्तर. मी कोणाले सांगत नाही."

मास्तरांनी वर पाहिलं. विटेच्या पुसलेल्या बाजूकडं का शेंदराच्या, ते मला दारातून कळलं नाही.

"नाही, मोठीमाय. मी नुसता बसतो."

"बस. मी बी नुसतीच बसेल हाये."

मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसलो. थोड्या वेळानं कमिटीतला एक जण आला, तोच, विहारात भिंत पाहणारा. "मास्तर इकडं आले का? त्याईचे चप्पल दिसून राहिले."

"चप्पल माही हाये," मी म्हटलं.

"तुह्या पायात हायेत न दोन!"

"मी दोन जोड ठेवतो. तुले काही म्हणाचं हाये?"

त्यानं चपलांकडं पाहिलं, बंद दाराकडं पाहिलं आणि निघून गेला. खोटं बोलू नये असं पंचशीलात आहे, ते मला पाठ आहे. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी पाहिलं, मग मास्तरांच्या चपला उचलून दाराच्या आत सरकवल्या आणि पुन्हा पायरीवर बसलो.